जीव लावणे म्हणजे भाकरी टाकणे नव्हे

सकाळी उठून मोबाईल उघडावा तर कोणीतरी 'सुप्रभात' म्हणून एक चित्र पाठवलेले असते. गुलाबी फ्रॉकातली एक मुलगी, तिला बिलगलेले एक सोनेरी पिल्लू आणि खाली दहा ओळी. मुले आणि मुकी जनावरे आपल्याला काय शिकवतात, याची यादी. निरागस राहा, राग धरू नका, आजचा दिवस जगा, भेटेल त्याचे स्वागत करा... वगैरे वगैरे. पूर्वी हेच ईमेलने येत असे, आता फोनवर येते, एवढाच काय तो फरक. परवा असे चित्र आले तेव्हा मी हैदराबादला होतो, काचीगुड्याला, थोरल्या बहिणीकडे. ताईने चष्मा लावून ते वाचले, फोन माझ्या हातात परत दिला आणि म्हणाली, "हे ज्यानं लिहिलं ना, त्यानं मूल पण सांभाळलेलं नाही आणि कुत्रं पण नाही."

मित्रहो, आजचा लेख ताईच्या या एका वाक्यावर आहे.

मला वाटते, आता हे कोणीतरी स्पष्ट बोलायलाच हवे. मुले आणि जनावरे आपल्याला काही शिकवायला येत नाहीत. ती मागायला येतात. खायला मागतात, औषध मागतात, वेळ मागतात, पहारा मागतात. ते मागणे रोज, कंटाळा आला तरी, पुरे करताना माणूस जे काही शिकेल तेच खरे. मागणे टाळून नुसते डोळ्यांत पाणी आणता आले तर त्याला प्रेम म्हणू नये. ती आपल्याच मनाला घातलेली गुदगुली असते. आणि तिची किंमत आपण मोजत नाही, ती तिसराच कोणीतरी मोजतो. कोण मोजतो, ते हैदराबादने पाहिले आहे.

आपल्या गोव्यातल्या वाचकांना हैदराबाद म्हटले की चारमिनार आणि बिर्याणी आठवते. पण काचीगुडा, बरकतपुरा, सुलतान बाजार या भागात पिढ्यान्‌पिढ्या मराठी माणसे राहत आली आहेत. १९०७ साली सुरू झालेली विवेकवर्धिनी शाळा इथलीच. ताईचे सासर मूळचे पैठणकडचे, पण आता तीन पिढ्या हैदराबादी. घरातली मराठी ऐकली तर मधूनच 'हौ' आणि 'नक्को' कानावर पडते. या वस्तीला लागूनच पुढे अंबरपेठ आहे. तिथे १९ फेब्रुवारी २०२३ रोजी, रविवारी, चार वर्षांच्या एका मुलाला भटक्या कुत्र्यांनी गाठले आणि तो गेला. मुलाचे वडील वॉचमन होते आणि त्या दिवशी मूल त्यांच्यासोबत कामाच्या ठिकाणी आले होते. कॅमेऱ्यात सगळे टिपले गेले आणि ते चित्रण देशभर फिरले. तेलंगणाच्या उच्च न्यायालयाने आपण होऊन प्रकरणाची दखल घेतली. ताईने ते चित्रण आजपर्यंत पाहिलेले नाही. तिची नात तेव्हा बरोबर चार वर्षांची होती.

पुढच्या आठ दिवसांत ताईच्या गल्लीत जे झाले तेच सगळ्या शहरात झाले आणि नंतर सगळ्या देशात होत राहिले. लोकांचे दोन तट पडले. एक तट म्हणाला, सगळी कुत्री मारा, नाहीतर उचलून कुठेतरी दूर नेऊन सोडा, आमची मुले महत्त्वाची. दुसरा तट म्हणाला, मुक्या जनावराचा काय दोष, माणूसच क्रूर झालाय. एकाच जिन्यावर राहणाऱ्या दोन बायका, ज्या वर्षानुवर्षे एकमेकींकडे विरजण मागत, त्यांचे बोलणे बंद झाले. जणू मुलावर प्रेम करायचे तर कुत्र्याचा द्वेष करायला हवा, आणि कुत्र्यावर प्रेम करायचे तर त्या मुलाकडे पाठ फिरवायला हवी!

हे भांडणच मुळात खोटे आहे, असे माझे म्हणणे आहे. दोन्ही तटांना मी थोडे टोचून बोलणार आहे. पण त्याआधी स्वतःबद्दल सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल, 'भाई, तुम्ही कोण मोठे लागून गेलात?'

काही वर्षांपूर्वी, आमच्या फोंडा तालुक्यातल्या घरी, पोरसातल्या लाकडांच्या खोपीत एक काळी कुत्री व्याली. रस्त्यावरचीच. मला तिचा लळा लागला. सकाळी पोदेराकडचा एक पाव तिचा, दुपारी माशाचे काटे आणि उरलेली पेज तिची. पिल्लांचे फोटो काढून मी मित्रांना पाठवले आणि 'किती गोड' म्हणून वाहवा मिळवली. कोणी विचारले, तिला इंजेक्शन दिले का, ऑपरेशन करून घेतले का, तर माझे उत्तर ठरलेले होते, "छे, ती गावची आहे, माझी कुठे?" वर्षात ती दोनदा व्याली. दुसऱ्या खेपेचे एक पिल्लू वाढले आणि एका संध्याकाळी शेजारच्या सात वर्षांच्या मुलाच्या पोटरीला चावले. जखम मोठी नव्हती. पण ते पिल्लू टोचलेले नव्हते, आणि रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की जगात त्यावर उपाय नाही, हे डॉक्टरांनी त्या माउलीला सांगितले. मग इंजेक्शनांसाठी महिनाभर खेपा. वडील दर्यावर, म्हणजे बोटीवर नोकरीला. ती एकटी मुलाला घेऊन बसने जायची. तिसऱ्या खेपेला ती आमच्या अंगणासमोर थांबली आणि शांतपणे म्हणाली, "भाई, तें सुणें तुमचें न्हय?"

मला उत्तर देता आले नाही. खाऊ घालताना ती माझी होती, चावल्यावर गावाची झाली होती. मुलगा ठणठणीत बरा झाला, देवाची कृपा. पण त्या दिवसापासून 'माझे प्राण्यांवर फार प्रेम आहे' हे वाक्य मी उच्चारलेले नाही. आयुष्य बदलणारा धडा म्हणतात तो हाच. तो मला कुत्रीनेही दिला नाही आणि मुलानेही नाही. त्यांच्यापैकी कोणाचेच मी काही केले नव्हते, या जाणिवेने दिला.

आता पहिल्या तटाकडे येऊ, म्हणजे भाकरी टाकणाऱ्यांकडे. या लोकांविषयी मला माया आहे, कारण मी त्यांच्यातलाच. रात्री स्कूटरवरून यायचे, कोपऱ्यावर बिस्किटांचे पुडे फोडायचे, शेपट्या हलल्या की मन भरून घरी जायचे. कोपऱ्यावर राहणारा माणूस मात्र सकाळी कामाला निघतो तेव्हा त्या दहा कुत्र्यांच्या मधून वाट काढतो. २०२३ सालच्याच मार्च महिन्यात केंद्र सरकारने प्राणी जन्मनियंत्रणाचे नवे नियम काढले. त्यांत स्पष्ट लिहिले आहे की कुत्र्यांना खायला घालायची जागा ठरवून घ्यावी, ती मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून, जिन्यांपासून आणि येण्याजाण्याच्या दारांपासून दूर असावी, आणि वेळही मुले व वृद्ध बाहेर नसतील अशी असावी. किती प्राणिप्रेमींनी हा नियम वाचला आहे? कुत्र्याला खायला घालणे हा दहा मिनिटांचा आनंद आहे. त्याला पकडून नेणे, नसबंदी करून आणणे, दरवर्षी लस टोचून घेणे, कानाला खाच आहे की नाही ते पाहणे, नवे कुत्रे गल्लीत आले की हटकून कळवणे, हे सगळे काम आहे. ज्याला काम नको त्याने आनंदही घेऊ नये, इतके साधे आहे हे.

आणि दुसरा तट, म्हणजे 'मारून टाका' म्हणणारे. त्यांना मुलांची काळजी आहे असे ते म्हणतात. मी विचारतो, कोणाच्या मुलांची? अंबरपेठेतले ते मूल वॉचमनचे होते. आई-बापाने कामावर जाताना मूल कोणाकडे ठेवायचे याचे उत्तर या देशात वॉचमनला नाही, मोलकरणीला नाही, बांधकामावरच्या मजुरालाही बहुधा नाही. २०१७ साली कायदा बदलला आणि ५० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना पाळणाघर सक्तीचे झाले. पण दारावर एकटा बसणारा माणूस कुठल्या पन्नासांत मोजायचा? तो आपले मूल सोबत घेऊन येतो आणि मूल अंगणात हिंडत राहते. ज्या घरांतून 'आमची मुले, आमची मुले' असा गलका झाला त्यांची मुले बहुतेक फाटकाच्या आत, बागेत, बाईच्या देखरेखीखाली खेळत होती. बाहेर रस्त्यावर होते ते वॉचमनचे मूल आणि कुत्रे. दोघेही आपल्यासाठी सारखेच परके. एक मेला तेव्हा आपण दुसऱ्याला शिक्षा मागितली आणि दोघांनाही रस्त्यावर ठेवणाऱ्या व्यवस्थेबद्दल अवाक्षर काढले नाही.

जुलै २०२४ मध्ये हैदराबादच्या जवाहरनगर भागात दीड वर्षाचे एक मूल असेच गेले. जवाहरनगर हे नाव हैदराबादकरांना आणखी एका कारणाने ठाऊक आहे. शहराचा कचरा वर्षानुवर्षे तिकडेच जातो. एकाचा दुसऱ्याशी थेट संबंध होता असे मी म्हणत नाही. पण शहराचा उकिरडा ज्यांच्या उशाशी, त्यांच्याच मुलांच्या वाट्याला हे येते, एवढे तरी आपण पाहावे. मटणाच्या दुकानाचे, हॉटेलाचे, लग्नाच्या हॉलचे उरलेसुरले उघड्यावर पडते तोवर कुत्री राहणारच. आज ही दहा मारली की तिथले अन्न मोकळे होते, आणि उद्या पलीकडच्या वस्तीतली दहा येतात. शिवाय मारलेल्या कुत्र्यांत टोचलेली असतात आणि नव्याने येतात ती न टोचलेली! म्हणजे मुलाच्या नावाने केलेली हत्या मुलाच्याच जिवावर येते.

'मग करायचे काय?' असे विचारणाऱ्याला मी लांब कुठे नेत नाही, गोव्यातच घेऊन येतो. आपण गोंयकार स्वतःच्या राज्याला नावे ठेवण्यात पटाईत आहोत, पण या एका बाबतीत आपल्याला छाती पुढे काढायला हरकत नाही. 'मिशन रेबीज' ही संस्था आणि राज्य सरकार यांनी मिळून गोव्यात कुत्र्यांना टोचण्याची मोहीम चालवली. तिचा २०१३ ते २०१९ या काळाचा हिशेब २०२२ साली 'नेचर कम्युनिकेशन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. वर्षाला ९५,००० हून अधिक कुत्र्यांचे लसीकरण, म्हणजे शंभरातली सत्तर कुत्री टोचलेली. शाळाशाळांत जाऊन वर्षाला सुमारे दीड लाख मुलांना शिकवणी. कुत्र्यांमधला रेबीज ९२ टक्क्यांनी उतरला आणि माणसांचे मृत्यू थांबले. जून २०२१ मध्ये मुख्यमंत्र्यांनी जाहीर केले की गेल्या तीन वर्षांत राज्यात माणसाला रेबीज झाल्याची एकही नोंद नाही.

या हिशेबात मला सगळ्यात आवडते ती गोष्ट ही, की तिथे कुत्रे आणि मूल एकमेकांविरुद्ध उभे नाहीत. कुत्र्याला सुई टोचली ती मुलासाठी, आणि मुलाला शिकवले त्यात कुत्र्याचेही भले झाले. अनोळखी कुत्रे अंगावर आले तर पळू नये, ओरडू नये, झाडासारखे स्तब्ध उभे राहावे. खाणाऱ्या, झोपलेल्या किंवा पिल्ले असलेल्या कुत्रीजवळ जाऊ नये. चावलेच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी, हळद-चुना काही लावू नये आणि लगेच दवाखाना गाठावा. घरी बोलणी बसतील म्हणून लपवू नये. आमच्या वाड्यावर ती मंडळी जाळी घेऊन आली तेव्हा काळीला मीच धरून दिली. तिच्या अंगावर टोचल्याची खूण म्हणून रंगाचा पट्टा मारला. तिचा फोटो मात्र मी कोणाला पाठवला नाही.

पण हुरळून जाऊ नका. विषाणूला पत्रादेवीचा नाका अडवत नाही, मोले घाटातला चेकपोस्टही अडवत नाही. दरवर्षी टोचणे थांबले की दोन-तीन वर्षांत पुन्हा तेच. प्रेमाचे नेमके हेच आहे. ते दरवर्षी नव्याने करावे लागते. आणि आपल्यातल्या हौशी मंडळींनाही विचारावेसे वाटते, मुलाच्या वाढदिवसाला थंड प्रदेशातले केसाळ पिल्लू विकत आणायचे, दमट उन्हाळ्यात ते लोळागोळा झाले, अंगाला चट्टे उठले की किनाऱ्यावर नेऊन सोडून द्यायचे, यातून त्या मुलाने कोणता धडा घेतला? त्याने घेतला तो धडा असा, की जीव म्हणजे कंटाळा आला की टाकून द्यायची वस्तू. पुढे आई-बाप म्हातारे झाल्यावर तो धडा त्याला आठवला तर तक्रार करू नका.

२०२५ सालच्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयातही हेच नाट्य झाले. ११ तारखेला दोन न्यायमूर्तींनी दिल्ली परिसरातली सगळी कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवायला सांगितले. २२ तारखेला तीन न्यायमूर्तींनी ते बदलले. नसबंदी आणि लसीकरण करून त्याच भागात सोडा, पिसाळलेल्या आणि आक्रमक कुत्र्यांना सोडू नका, रस्त्यात कुठेही खायला घालू नका, त्यासाठी जागा ठरवा. पुढे ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वेस्थानके यांच्या आवारातून कुत्री हटवायचा आदेश झाला. प्रत्येक निकालानंतर एक तट पेढे वाटत होता आणि दुसरा छाती पिटत होता. निकाल वाचून 'माझ्या गल्लीत यातले काय करायचे आहे?' असे विचारणारा मला तरी कोणी भेटला नाही. न्यायालय आदेश देईल, पण जाळी धरायला न्यायमूर्ती येणार नाहीत.

ताईच्या सासरच्या पैठणचा उल्लेख मी वर केला. १९५६ पर्यंत पैठण हैदराबाद राज्यातच होते. त्या पैठणच्या एकनाथांच्या दोन गोष्टी आपल्याला लहानपणापासून माहीत आहेत. काशीहून आणलेली गंगेची कावड रामेश्वराला न्यायची, पण वाटेत तहानेने तडफडणारे गाढव दिसले आणि नाथांनी ते पाणी त्याला पाजले. आणि गोदावरीच्या तापलेल्या वाळूत एक लेकरू रडत होते, समाजाने अस्पृश्य ठरवलेल्या घरातले. नाथांनी ते कडेवर घेतले, त्याचे नाक पुसले आणि त्याच्या घरी नेऊन पोचवले. आपण या गोष्टी वेगवेगळ्या सांगतो. एक भूतदयेची म्हणून, दुसरी समतेची म्हणून. मला मात्र त्या एकच वाटतात. माणूस तोच, ऊन तेच. मुलासाठी एक तट आणि गाढवासाठी दुसरा, असे त्याने केले नाही. आणि दोन्ही वेळी नाथांनी खर्च केले ते स्वतःच्या पदरचे. एकदा शेकडो कोस वाहिलेले पुण्य, दुसऱ्यांदा गावातली प्रतिष्ठा. शिवाय नुसते हळहळून ते पुढे गेले नाहीत. लेकरू घरी पोचेपर्यंत चालत राहिले.

असो. ताईने काय केले ते सांगून थांबतो. ती वर्षानुवर्षे संध्याकाळी दारातून दोन पोळ्या गल्लीत भिरकावत असे. फेब्रुवारी २०२३ नंतर ते तिने बंद केले. कुत्र्यांना उपाशी मात्र ठेवले नाही. गल्लीच्या शेवटी, जिथे मुले खेळत नाहीत, तिथे पहाटे साडेपाचला एक पसरट भांडे ठेवते आणि अर्ध्या तासाने धुऊन परत आणते. एका जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर तिने गल्लीतल्या सातही कुत्र्यांची यादी केली. रंग, नर की मादी, कानाला खाच आहे की नाही, लस कधी टोचली. ज्यांच्या कानाला खाच नव्हती त्यांच्यासाठी बल्दियाची गाडी बोलावली आणि ती कुत्री परत आली की पुन्हा त्याच गल्लीत आली ना, हे स्वतः पाहिले. हैदराबादेत नगरपालिकेला अजून बल्दिया म्हणतात. कोपऱ्यावरच्या मटणवाल्याला झाकणाचा पिंप घ्यायला लावला. भांडलेल्या दोन्ही बायकांना पिंपाची वर्गणी मागायला एकत्र नेले, तेव्हा कुठे त्यांचे बोलणे सुरू झाले.

आणि समोरच्या इमारतीच्या वॉचमनची धाकटी पोर दुपारी दोन ते पाच ताईच्या घरी असते. नातीबरोबर जेवते, चित्रे रंगवते, झोपते. मी म्हटले, "ताई, या वयात हा व्याप कशाला?" ती म्हणाली, "कुत्र्यांची यादी झाली, तर पोरींची का नको? रस्त्यावर कोण कोण आहे ते लिहायलाच बसले होते मी."

मी गेलो त्या दिवशी नातीने मला झाडासारखे उभे राहायला शिकवले. हात अंगाशी, नजर खाली, मुळीच हलायचे नाही. मी हललो तर वॉचमनची पोर हसली. तेवढ्यात पाच वाजले, तिची आई दारात आली, आणि ताईने पोरीच्या चपला शोधायला सुरुवात केली.